युद्धाच्या दिवसांत गावाचं आरोग्य उपकेंद्र चालू कसं ठेवायचं

सुरुवात बँडेजच्या पेटीपासून करू नका, एका वहीपासून करा. इन्सुलिन घेणारे किती, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला वर्धा-नागपूरला जाणारे कोण, सिकलसेलचे पेशंट, फेफऱ्याच्या गोळ्या रोज खाणारे, टीबीचे, एचआयव्हीच्या गोळ्यांवरचे (एआरटी), घरी ऑक्सिजनवर असलेले म्हातारे, आणि येत्या तीन महिन्यांत बाळंत होणाऱ्या बाया. बाराशे वस्तीच्या गावात ही यादी दोन-तीन पानांत मावते. आशाताईंना हे सगळं तोंडपाठ असतं, पण ते तोंडपाठ असून भागत नाही. ज्या दिवशी आशाताई स्वतःच माहेरी अडकलेल्या असतील, त्या दिवशी वहीच लागते.

बॉम्ब सीमेवर पडतात आणि आपण देशाच्या मधोमध आहोत, मग गावाला काय त्रास, असं पारावर हमखास ऐकू येतं. पण त्रास फक्त बॉम्बचा नसतो. येमेनमध्ये २०१५ नंतर लढाईने पाण्याचे पंप आणि सांडपाण्याची व्यवस्था मोडली, आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार थांबले, आणि २०१७ संपेपर्यंत कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. गाझात पंचवीस वर्षं पोलिओ नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळात तो सापडला, कारण त्याच्या जन्मापासून लसीकरण विस्कटलेलं होतं. तोफेने मारलेल्यांची मोजदाद होते. औषध न मिळाल्याने घरात गेलेल्यांची सहसा होत नाही.

आणि दारूगोळा आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, पंधराहून अधिक जण गेले आणि आजूबाजूची गावं रातोरात रिकामी करावी लागली. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. भद्रावती, अंबाझरी, जवाहरनगर इथल्या आयुध निर्माणी आणि पुलगावचं भांडार यांच्या आसपासच्या खेड्यांनी जखमींची तयारी ठेवायला युद्धाची वाट पाहायची गरजच नाही. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, पण त्यातला भोंगा बहुतांशी शहरांपुरता होता. खेड्यात ग्रामपंचायतीचा लाऊडस्पीकर, देवळाची घंटा आणि कोतवाल हीच यंत्रणा. भोंगा ऐकू आलाच तर वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी सरळ आवाज म्हणजे धोका टळला, एवढं शाळेतल्या पोरांना शिकवून ठेवा. मोठ्यांपर्यंत ते आपोआप पोचतं.

वहीतल्या माणसांसाठी

प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा: औषधाचं नाव आणि डोस, घरात किती दिवसांचं शिल्लक आहे, आणि जवळच्या केंद्रात ते मिळालं नाही तर दुसरं ठिकाण कोणतं. औषधाचं नाव "पांढरी गोळी" असं लिहिलेलं आढळेल. पाकिटाचा फोटो काढून नाव उतरवून घ्या. घरात नेहमी किमान तीस दिवसांचं औषध पुढचं असावं. त्यासाठी पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, दर महिन्याला शेवटच्या दिवशी औषध आणण्याऐवजी आठवडाभर आधी आणायची सवय लावली, की तीन-चार महिन्यांत हा साठा आपसूक तयार होतो. एकदम दोन महिन्यांचं मागायला गेलात तर फार्मसिस्ट नाही म्हणेल, आणि त्याचंही बरोबर असतं.

सगळ्यात आधी बघायचे ते फेफऱ्याचे पेशंट. बीपीची गोळी चार दिवस चुकली तर धोका वाढतो, पण फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद झाली तर झटक्यावर झटका येऊन माणूस दगावू शकतो. सिकलसेलवाल्यांना हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड लागतं, पण तितकंच पाणी लागतं. टँकर बंद पडला, उन्हात पाच किलोमीटर चालावं लागलं, की वेदनेचा झटका ठरलेला. पाणी कमी पडलं तर या घरांना आधी द्यायचं, हे सरपंचांशी बोलून आधीच ठरवा. ऐनवेळी नळाच्या रांगेत हे कोणी ऐकून घेत नाही.

डायलिसिसवाल्यांना खेड्यात पर्याय नाही. एक फेरी चुकणार असं दिसलं तर पाणी मोजून, मीठ कमी, आणि पोटॅशियमवाले पदार्थ बंद: केळी, नारळपाणी, आणि हंगाम असला तरी संत्री. घरचे प्रेमाने नेमकं हेच खाऊ घालतात. दम लागणं, हातपाय लुळे पडणं किंवा छाती धडधडणं दिसलं की मिळेल त्या गाडीने हलवा.

सर्पदंशाचं युद्धाशी काही नातं नाही, पण आषाढात डवरणीच्या दिवसांत वावरात साप निघणारच आहेत. विषारी दंशात सर्पविषविरोधी औषधाच्या पहिल्या डोसलाच आठ ते दहा कुप्या लागतात. पीएचसीत चारच असतील तर त्याला साठा म्हणता येत नाही. दर सोमवारी फोन करून आकडा विचारा आणि वहीत लिहा.

थंड ठेवायच्या वस्तू

लसी पीएचसीच्या आयएलआरमध्ये, म्हणजे बर्फाच्या अस्तराच्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. चांगल्या आयएलआरला बाहेर ४३ अंश असतानाही झाकण न उघडता किमान वीस तास धरायला हवं. वीज गेली की लोक पहिलं काम करतात ते झाकण उघडून "थंड आहे का" बघण्याचं. ते करू नका. झाकणावर चिकटपट्टी लावा, वीज गेल्याची वेळ लिहा, बाहेरून तापमान दिसत असेल तेवढंच बघा.

उपकेंद्रावर लस कॅरियरमध्ये, म्हणजे हातात न्यायच्या थंड पेटीत, येते, चार आइसपॅक लावून. इथली नेहमीची चूक उष्णतेची नसते, थंडीची असते. डीप फ्रीझरमधून काढलेले दगडासारखे पॅक तसेच लावले तर पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी, आयपीव्ही या लसी गोठतात आणि निकामी होतात. पॅक बाहेर काढून ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मग लावा. गोठल्याची शंका असलेली कुपी देऊ नका, पीएचसीला परत पाठवा. लस वाया जाण्यापेक्षा वाईट म्हणजे आईला वाटतं बाळाला लस मिळाली, आणि मिळालेली नसते.

इन्सुलिनचं जरा सोपं आहे. वापरात असलेली कुपी घरच्या थंड जागी साधारण २८ दिवस चालते. एमएसएफ या वैद्यकीय संघटनेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतलं २५ ते ३७ अंशांचं चढउतारांचं तापमान धरून तपासणी केली, तेव्हा चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकली. पण आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या घरात ४५ च्या वर जातं. तिथे जोडमडकं करा: मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत रेती, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी, तोंडावर ओलं फडकं. कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात. ही युक्ती चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात उत्तम चालते आणि श्रावणात जवळपास चालतच नाही, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. आत साधा थर्मामीटर ठेवा. लसींना मात्र मडकं चालत नाही.

बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनही थंडच ठेवावं लागतं, हे विसरलं जातं. थंडीची साखळी तुटली असेल तर मिसोप्रोस्टॉल जवळ हवं: २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडावाटे, बाळ बाहेर आल्यावर, आणि पोटात दुसरं बाळ नाही याची हाताने खात्री करूनच. जुळं असताना गोळ्या दिल्या तर गर्भाशय आकसून आतलं बाळ गुदमरतं. सिस्टरांनी ही पायरी मोठ्याने म्हणत करावी, "दुसरं नाही", आणि मग गोळ्या.

वीज आणि ऑक्सिजन

इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात १२०० धरा, जुनी असेल तर त्याहून कमी. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, साधारण ३५० वॅट खातो, म्हणजे तीन-साडेतीन तास. तेवढ्याच बॅटरीवर दहा वॅटचे दोन एलईडी दोन रात्री सहज चालतात. म्हणून वीज गेली की पंखे आणि टीव्ही आधी बंद, कॉन्सन्ट्रेटर गरज असेल तरच, आणि बाळंतपणाच्या खोलीचा दिवा शेवटपर्यंत. सोलर पॅनल असेल तर दर पंधरा दिवसांनी पुसा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावांत त्यावर धूळ आणि तंतूंचा थर बसतो.

सिलिंडरचं गणित पाठ करून ठेवा. लहान बी-टाइपमध्ये १५०० लिटर, मोठ्या डी-टाइपमध्ये ७००० लिटर. मिनिटाला ५ लिटरने बी पाच तास पुरतो आणि डी तेवीस तास. सिलिंडर भरलेला असूनही पेशंटला ऑक्सिजन मिळाला नाही, असं होतं ते तीन कारणांनी: उघडायची चावी सापडत नाही, वॉशर गेलेला असतो, नाहीतर ह्युमिडिफायरची, म्हणजे ऑक्सिजन ओला करणारी, बाटली फुटलेली असते. चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. वॉशरचे दोन नग डबीत ठेवा. आणि रेग्युलेटर घट्ट बसत नाही म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की आग लागते.

जनरेटर खोलीबाहेर, खिडकीपासून लांब. आवाजाचा त्रास नको किंवा उजेड बाहेर दिसायला नको म्हणून तो आत घेतला, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच मारतो.

पाणी

माणशी दिवसाला १५ लिटर हा आपत्तीतला जगभर मानलेला किमान आकडा आहे. १२०० वस्तीला १८,००० लिटर. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ९० ग्रॅम, महिन्याला पावणेतीन किलो. पण पाच किलो ठेवा, कारण टीसीएलची ताकद उतरते. नवीन पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. ओलीत, उन्हात किंवा उघड्या पोत्यात पडलेली पावडर २० टक्क्यांखाली गेली की ती भिंतीला मारायच्या लायकीची. पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, डबाही सडतो आणि पावडरही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, कोरडी अंधारी जागा, आणि डब्यावर आणल्याची तारीख.

नळयोजनेचा पंप बंद पडला की गाव जुन्या विहिरीकडे वळतं. विहिरीतलं पाणी मोजायचं असं: व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने गुणा. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी असेल तर ६२,८०० लिटर, म्हणजे साधारण ३१५ ग्रॅम टीसीएल. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग बादली पाऊण भरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली चुन्याचा साका बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत घ्या, दोर बांधून ती विहिरीत बुडवा आणि वर-खाली करा. साका विहिरीत ओतू नका. अर्धा तास तरी कोणी पाणी भरू नये. मग पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट, पिवळा रंग आला पाहिजे. जुलाबाची साथ असेल तर शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीन ०.५ पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) दिसलं पाहिजे. टाकीजवळचं पाणी तपासून वहीत "योग्य" लिहिणं सोपं असतं, पण टोकाच्या घरांची वाट जलसुरक्षकाला सापडत नाही, आणि जुलाब तिथूनच सुरू होतात.

ओआरएस संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त पडणं धोक्याचं, म्हणून आधी मीठ घालून चव घ्या: डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. मुलांना झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस, सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी.

रक्त थांबवणं

मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. मांडीची मोठी धमनी तुटली तर जीव जायला पाच मिनिटंही पुरतात. १०८ ची गाडी त्या वेळात येत नाही, म्हणून हे काम पानठेल्यावरच्या माणसाला यायला हवं. स्फोटानंतर आपल्या घरांत सगळ्यात घातक ठरतो तो छपराचा टिन. उडालेला पत्रा आणि खिडकीची काच सुरीसारखी लागते. कवेलूचे तुकडे डोक्यात बसतात.

समजा मांडीला पत्रा लागलाय आणि रक्त उसळतंय. आधी कापड फाडा किंवा कापा आणि जखम डोळ्यांनी बघा. काळ्या पँटवर रक्त दिसत नाही. तळहाताने, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार टाकून दाबा. हातापायाच्या जखमेतून रक्त उसळत असेल, साचत असेल किंवा कापडामागून कापड भिजत असेल, तर आवळपट्टी बांधा, म्हणजे ज्याला दवाखान्यात टूर्निकेट म्हणतात ती.

पट्टी किमान दीड इंच, शक्यतो दोन इंच रुंद. ओढणी किंवा गमछा घडी घालून करा. सुतळी, नायलॉनची दोरी, मोबाइल चार्जरची वायर चालत नाही. ती कातडी कापते आणि खोलवरची धमनी दाबतच नाही. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, तीन बोटं अंतर सोडून बांधा. गुडघ्यावर किंवा कोपरावर बांधू नका, तिथे हाडामुळे दाब बसत नाही, सांध्याच्या वर सरका. एक गाठ, गाठीवर वीतभर लांबीचं मजबूत लाकूड. तुराटी मोडते, पऱ्हाटीही मोडते. जाड बेलनं किंवा स्टीलचा मोठा चमचा चालतो. त्यावर दुसरी गाठ, आणि लाकूड पिळत जा, रक्त थांबेपर्यंत. रक्त थांबलं की लाकडाचं टोक दुसऱ्या कापडाने बांधून टाका, नाहीतर उकलतं.

माणूस ओरडेल, शिव्या देईल, सोड म्हणेल. नीट बसलेली आवळपट्टी फार दुखते, आणि दुखलं म्हणून अर्धवट सैल केलेली पट्टी न बांधण्यापेक्षा वाईट. अर्ध्या दाबाने परत जाणाऱ्या शिरा तेवढ्या बंद होतात, धमनी रक्त आणतच राहते आणि जखमेतून जास्त वाहतं. एका पट्टीने थांबलं नाही तर तिच्या वर दुसरी बांधा, पहिली सोडू नका. बांधल्याची वेळ पेनने कपाळावर लिहा: "आवळ १०.४०". दोन तासांच्या आत दवाखान्यात पोचलं तर पाय सहसा वाचतो. वाटेत दर पंधरा मिनिटांनी सैल करायची जुनी शिकवण अजून ऐकू येते, ती सोडून द्या. पट्टी डॉक्टरच सोडतील.

जांघ, काख आणि मान इथे पट्टी बांधता येत नाही. तिथे जखम भरायची: गॉजची लांब पट्टी, नसेल तर धुतलेल्या सुती धोतराची किंवा लुगड्याची पट्टी, बोटाने रक्त येतंय त्या खोल जागेपर्यंत दाबत-दाबत ठासायची, जखम तोंडापर्यंत भरेपर्यंत. मग दोन्ही हातांनी दहा मिनिटं दाबा. घड्याळ लावून दहा. "थांबलं का" म्हणून मधेच उचलून बघितलं की जमलेली गुठळी निघते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. मानेला दाबताना श्वासनळी सोडून एका बाजूला दाबा.

छाती आणि पोट भरायचं नाही. छातीच्या जखमेवर हवाबंद प्लास्टिक चिकटवू नका, आत हवा कोंडून फुफ्फुस दबतं. उघडी ठेवा, माणसाला टेकून बसवा, जसं बरं वाटेल तसं. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. स्वच्छ कापड उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवून झाका. तोंडाने पाणीही नाही. घुसलेला पत्रा किंवा काडी उपसू नका, भोवती कापडाच्या गुंडाळ्या लावून हलणार नाही असं बांधा.

भाजलेल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, आणि नंतर कोरडं स्वच्छ फडकं. हळद, शेण, टूथपेस्ट, तेल यांतलं काही नाही. आणि मे महिना असला तरी रक्त गेलेल्या माणसाच्या अंगावर वाकळ टाका, खालीही काही घाला. अंग गार पडलं की रक्त गोठण्याची ताकदच जाते, मग कितीही दाबा.

आधी कोणाला न्यायचं

दहा जखमी आणि एक गाडी. जो मोठ्याने ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, एवढं तर कळलंच. गप्प पडलेल्याकडे आधी जा. पद्धत साधी आहे. "ज्यांना चालता येतं ते शाळेच्या पटांगणात या" अशी हाक द्या, गेले ते हिरवे. उरलेल्यांत श्वास नाही, हनुवटी उचलूनही नाही, तो काळा, म्हणजे गेलेला. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त, किंवा मनगटाची नाडी लागत नाही, किंवा "माझा हात दाब" म्हटलं तरी दाबत नाही, तो लाल, म्हणजे आधी न्यायचा. बाकीचे पिवळे. एका माणसाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ द्यायचा नाही. हे तपासताना उसळतं रक्त दिसलं तर तेवढं थांबवायचं आणि पुढे सरकायचं. खुणेला ब्लाऊजपीसच्या चार रंगांच्या चिंध्या कातरून पेटीत ठेवा, मनगटाला बांधायला.

लाल चिंधीवाले १०८ मध्ये. पिवळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत: खाली जाड थर कुटाराचा, वर गाद्या, आणि ट्रॉली सावकाश. पांदणीत चिखल असेल तर बाज काढा, चार माणसं चार पायांना, आणि दोन मोकळे बदलीला. काळ्या मातीत पावसाळ्यात सहा माणसांशिवाय एक किलोमीटरही निभत नाही. प्रसूतीला निघालेल्या बाईला जखमींच्या गाडीत कोंबू नका, तिच्यासाठी १०२ किंवा वेगळी जीप आधीच ठरवलेली असावी.

स्फोटाच्या जवळ असलेला पण अंगावर ओरखडा नसलेला माणूस फसवतो. हवेच्या धक्क्याने कानाचे पडदे, फुफ्फुसं आणि आतडी आतून इजा पावतात, बंद खोलीत तर जास्तच. त्याला घरी झोपायला पाठवू नका. निदान सहा तास नजरेखाली ठेवा. दम लागणं, थुंकीत रक्त, छातीत किंवा पोटात दुखणं यातलं काहीही दिसलं की तो लगेच लाल. आणि ढिगाऱ्याखाली एखाद्याचा पाय तासापेक्षा जास्त दबलेला असेल, तर वजन उचलण्याआधी डॉक्टरांना फोन लावा. दबलेल्या मांसातलं विष एकदम रक्तात सुटून हृदय थांबू शकतं, म्हणून सलाईन आधी आणि सुटका नंतर. इथे घाई करणारे नातेवाईक भेटतातच, त्यांना टॉर्च धरायला लावा.

भंगार

२० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ सोनेगाव आबाजी इथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट झाला आणि सहा जण गेले. पितळ आणि तांब्याचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो, आणि गंजलेला गोळा मेलेला वाटतो. गंजला की तो जास्त बेभरवशाचा होतो. वावरात, नाल्यात, पुराच्या गाळात असं काही दिसलं तर हात, काठी, दगड काही लावायचं नाही, नांगर पुढे न्यायचा नाही. आलात त्याच पावलांवर मागे या, किमान शंभर मीटर. मग फोन काढा आणि ११२ लावा. जवळ उभं राहून मोबाइल वापरायचा नाही, फोटोसाठीही नाही. धुऱ्यावर चुन्याची रेघ किंवा लाल फडकं लावा आणि पोलीस पाटलांना सांगून एक माणूस तिथे बसवा, ढोरं आणि पोरं वळवायला.

शाळेत आलेली माणसं

गावं रिकामी झाली की लोक जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरा. वीस बाय पंचवीस फुटांच्या वर्गात तेरा माणसं बसतात. ग्रामपंचायत पन्नास सांगेल. पन्नास माणसं कोंबली की आठवड्याभरात गोवर आणि खोकला फिरतो. वीस माणसांमागे एक संडास, बायांचा वेगळा, आणि रात्री तिथे दिवा. गर्दी झाली की पहिली लस गोवरची, सहा महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना, पीएचसीच्या पथकाकडून. नऊ महिन्यांच्या आत दिलेला डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरायचा नाही, तो पुन्हा द्यावा लागतो. हे कार्डावर लाल पेनने लिहा, नाहीतर पुढची सिस्टर तो मोजून टाकते.

भिंतीवरचा लाल क्रॉस

पांढऱ्यावर लाल क्रॉस ही दवाखान्याची खूण आहे असं सगळ्यांना वाटतं. तशी ती नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार युद्धात वैद्यकीय सेवेला संरक्षण देणारी ती खूण आहे, आणि आपल्या १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय ती वापरता येत नाही. मेडिकल स्टोअर, खासगी गाड्या, डॉक्टरांच्या मोटारसायकली यांवर ती सर्रास दिसते. खूण अशी स्वस्त झाली की युद्धाच्या दिवशी तिला कोणी मानत नाही. म्हणून उपकेंद्रावर ती रंगवायची की नाही, हे गावाने ठरवायचं नाही, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारायचं.

खूण असली म्हणजे चिलखत मिळालं असंही नाही. अफगाणिस्तानात कुंदुझच्या एमएसएफच्या रुग्णालयाने आपलं नेमकं ठिकाण लढणाऱ्या पक्षांना आधीच कळवलं होतं. ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकी विमानाने ते उद्ध्वस्त केलं, बेचाळीस जण गेले. पुढच्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेने आरोग्यसेवेवरच्या हल्ल्यांविरुद्ध २२८६ क्रमांकाचा ठराव केला. हल्ले त्यानंतरही चालूच आहेत. गावाच्या हातात आहे ते एवढंच, की संरक्षण जाईल असं आपल्याकडून काही घडू नये. उपकेंद्रात बंदूक घेऊन कोणी आत यायचं नाही, कोणत्याही बाजूचा असो. हत्यार बाहेर, माणूस आत. आवारात दारूगोळा, वायरलेसचा मनोरा, गच्चीवर पहारा यातलं काही नको. "फक्त आजच्या रात्रीपुरतं" म्हणून कोणी खोली मागितली तरी नको. जखमी कोण आहे, कुठून आला, हे केसपेपरवर उपचारापुरतंच लिहायचं. नावांची यादी मागायला कोणी आलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचं. जखमींचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, कारण त्यातून घरच्यांना मरणाची बातमी कळते आणि बाहेरच्यांना ठिकाण कळतं.

सुरुवातीची ती वही मात्र उपकेंद्रात ठेवू नका. एक प्रत सिस्टरांकडे, एक आशाताईंच्या घरी धान्याच्या कोठीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. दर अमावस्येला दोन्ही प्रती जुळवून बघा. गेलेल्यांची नावं खोडा, नव्या गरोदर बायांची नावं चढवा, आणि इन्सुलिनची कुपी उघडल्याची तारीख लिहिलेली आहे ना ते पाहा.